‘अपाय तर होत नाही ना?’

आज सकाळी अंबाझरीवर फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत जिनसेंगवरून पुन्हा जुंपली. एका पक्षाच्या मते कोरियातले सहा वर्षे वाढवलेले, वाफवून वाळवलेले लाल मूळ म्हणजे संजीवनीच. दुसऱ्या पक्षाच्या मते सारे थोतांड. शेवटी दोघांचे एकमत झाले ते ‘गुण आला नाही तरी अपाय तर होत नाही ना?’ या वाक्यावर, आणि माझे डोके फिरले ते नेमके तिथेच.

आमच्या मामाजींच्या हृदयात धातूची झडप आहे आणि रक्त गोठू नये म्हणून ते वर्षानुवर्षे वॉरफरीन घेतात. त्यांच्या पुतण्याने सेऊलहून जिनसेंगचा अर्क आणला. काकवीसारखा काळपट, घट्ट, सोबत इवलासा चमचा. मामाजी रोज तो कोमट पाण्यात ढवळून पिऊ लागले. पुढच्या तपासणीत त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, जो २.५ ते ३.५ असायला हवा, १.६ निघाला; तो असा घसरला की गुठळीची भीती. डॉक्टरांनी काय काय घेता असे विचारले, तेव्हा मामीजींनी एकूण एक गोळी सांगितली आणि जिनसेंग तेवढे सांगितले नाही, कारण त्यांच्या लेखी ते औषध नव्हतेच!

अमेरिकन जिनसेंगमुळे वॉरफरीनचा परिणाम घटतो, हे २००४ सालच्या चाचणीत दिसले आहे. कोरियन जिनसेंगच्या काही चाचण्यांत तसे आढळले नाही, हेही मान्य. पण झडपेवर गुठळी धरण्याची जोखीम कोणी अशा भरवशावर घ्यावी? बरे, आमच्यातले जे ‘भारतीय जिनसेंग’ म्हणून अश्वगंधा घेतात, त्यांचे झाडच निराळे, वांग्या-बटाट्याच्या कुळातले. आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी तिच्याही नावावर आहेत. ‘नैसर्गिक आहे’ म्हटले की आपली शिकलेली माणसेसुद्धा पुढचे काही विचारत नाहीत, याची चीड येते.

थोतांडवाल्यांनीही फार खूश होऊ नये. कर्करोगाच्या रुग्णांचा थकवा अमेरिकन जिनसेंगने कमी झाल्याचे २०१३ सालच्या एका चाचणीत दिसले होते. मात्र तिथे रोज २००० मिलिग्रॅम असे मोजून आणि देखरेखीखाली दिले जात होते, चमच्याच्या अंदाजाने नव्हे.

पुतण्याला बोल लावावा, असे मला वाटत नाही. काका जिना चढताना थकतात, हे घरात सर्वांत आधी त्याच्याच लक्षात आले होते, आणि बरणीवरच्या सूचना कोरियन लिपीत होत्या. त्या बिचाऱ्याने वाचायच्या तरी कशा? अर्क बंद केल्यावर आयएनआर पुन्हा जागेवर आला. मामाजी अजूनही सांगतात की त्या दिवसांत त्यांना चांगली हुशारी वाटत होती. वाटली असेल, मी नाकारत नाही. पण आयएनआर घसरत होता, तेव्हा त्यांना काहीही जाणवले नव्हते.