खोलीवर शिजवा म्हणणं सोपं आहे

घराबाहेर राहून शिकणाऱ्या मुलांनी कमी पैशात नीट कसं जेवावं, यावरच्या लेखातला ‘मेस बंद करा, खोलीवरच शिजवा’ हा सल्ला पटतो, पण पुण्यात पेठांमध्ये कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहणाऱ्या मुलांना घरमालक शेगडी लावू देत नाहीत. त्यांना मेसशिवाय पर्याय नाही. मेस लावताना खाडे, म्हणजे न जेवलेले दिवस, कसे धरतात ते आधी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी सलग तीन-चार दिवस गावी गेलात तरच पैसे वळते होतात, आणि रविवारी रात्री मेस बंद असते ती वेगळीच.

राज्य सरकारच्या स्वस्त जेवणाचा, शिवभोजन थाळीचा उल्लेख लेखात हवा होता. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली तेव्हा १० रुपयांत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि वाटीभर वरण असं ठरलं होतं. वाढत्या वयाच्या मुलाचं एवढ्यात भागत नाही, हे खरंय. पण वडापाववर दुपार काढणाऱ्याला निदान वरण-भात तरी मिळतो! सोबत दोन उकडलेली अंडी नाहीतर मूठभर शेंगदाणे-गूळ घ्या, संध्याकाळपर्यंत अभ्यासिकेत बसवतं. पोराहो, पैसे वाचवायला रात्रीचं जेवण मात्र चहा-बिस्किटावर भागवू नका.