‘मॉर्फीन सुरू केलं म्हणजे संपलं’ : त्या मेसेजमधला एकेक दावा

घरात तिशीतल्या कुणाला कॅन्सर निघाला की नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मेसेज येतोच : मॉर्फीन (तीव्र दुखणं शमवणारं अफूपासूनचं औषध) घेऊ देऊ नका, तरुण वयात व्यसन लागेल, श्वास थांबेल, शेवटी लागू पडणार नाही, आणि ते दिलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.

व्यसन? काही आठवड्यांत शरीराला गोळीची सवय होते, हे खरं. एकदम थांबवली तर घाम, जुलाब, तगमग. पण अशी सवय म्हणजे व्यसन नव्हे : रेडिएशनने हाडातलं दुखणं ओसरलं, तर डोस हळूहळू उतरवून गोळी बंद करता येते. आधीचं व्यसन असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. तेव्हा थोड्या थोड्या गोळ्या मोजून देतात.

श्वास थांबण्याचा धोका आहे, पण तो चुकीच्या डोसमुळे. साधी गोळी दर ४ तासांनी; नव्याने घेणाऱ्याला बहुधा ५ मिलिग्रॅम, अगदी अशक्त असेल तर २.५. मध्येच कळ आली तर दिवसभराच्या मात्रेच्या साधारण एक षष्ठांश जादा. गोंधळ होतो तो इथे : १२ तासांत हळूहळू औषध सोडणारी एसआर गोळी गिळवत नाही म्हणून घरचे ती कुटून देतात, आणि सगळं औषध एकदम अंगात जातं. मूत्रपिंडं थकली असतील तर नेहमीचा डोसही साठत जातो. सोबत झोपेची गोळी किंवा दारू नको. हाका मारूनही जाग येत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, तर थेट रुग्णालय.

जे खरोखर छळतं, ते मेसेजमध्ये नाहीच : बद्धकोष्ठ. मळमळ, गुंगी बहुतेकांची काही दिवसांत जाते. हे जात नाही. म्हणून पहिल्या गोळीबरोबरच बिसाकोडिल किंवा सेनासारखं रेचक हवं. नुसता इसबगोल नको. पाणी कमी जात असेल तर तोच आतड्यात अडकतो.

‘शेवटी लागू पडत नाही’ हे उलटं आहे. दुखणं वाढलं तर मात्रा वाढवता येते, तिला ठरावीक कमाल मर्यादा नाही. नस दाबून येणारी जळजळ मात्र एकट्या मॉर्फीनने भागत नाही. जोडीला गॅबापेंटिनसारखं औषध लागतं.

राहिलं हात टेकणं. मॉर्फीन केमोबरोबरही चालतं. अडचण असते ती मिळण्याची : अमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाल्यानंतरही ते मुख्यतः मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांतून मिळतं, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहसा नाही. रुग्णालयात पॅलिएटिव्ह (दुखणं आणि त्रास कमी करणारा) विभाग विचारा, आणि नवी चिठ्ठी गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी घ्या.