'फाईल दाबून ठेवली' या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार, आणि खाली: "जुना करार सापडत नाही एवढ्यावरून दोन महिने फाईल दाबून ठेवली, वर पेपरात जाहिरात द्यायला लावून पैसे उकळले. सर्च नेटवर पाच मिनिटांत होतो." आधी माफी मागतो. शेवटच्या आठवड्यात तुमचे फोन उचलले गेले नाहीत आणि ऑफिसातल्या मुलाने "काम चालू आहे" यापलीकडे काही सांगितलं नाही. चूक आमचीच.

पण "दाबून ठेवली" हे लागलं. घर विकत घ्यायच्या आधी त्याच्या मालकीचे जुने दस्त शोधून तपासायचे (यालाच सर्च म्हणतात) आणि अहवाल द्यायचा, 19 वर्षं हेच काम करतोय.

तुम्ही घेत असलेल्या फ्लॅटची फाईल दिलीत 8 जुलैला, अहवाल नेलात 30 ऑगस्टला. 53 दिवस. फाईलमध्ये बिल्डर आणि पहिल्या खरेदीदारातल्या कराराची फक्त झेरॉक्स होती. शेवटची दोन पानं नाहीत, नोंदणीची पावती नाही, आणि पहिल्या पानावर "आज दिनांक" पुढे नुसती रिकामी जागा. दस्त क्रमांक नाही, साल नाही. विकणारे काका गावी होते. ते परत येऊन "1994 असेल" म्हणेपर्यंत 11 दिवस गेले. हरवल्याची पोलीस तक्रारही त्यांनीच द्यायची असते, ती मी कशी देणार?

आता नेटचं. ऑनलाईन सर्च मुंबईसाठी 1985 पासून आणि उरलेल्या महाराष्ट्रासाठी 2002 पासून मिळतो. तुमचा फ्लॅट मुंबईत नाही आणि दस्त 1994 चा. म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन इंडेक्सची, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या सूचीची, पुस्तकं पानपान उलटायची. 94 मध्ये नोंद नव्हतीच. सापडली 95 मध्ये, तीही आडनावातलं एक अक्षर चुकवून लिहिलेली. कराराची सही एका साली आणि नोंदणी पुढच्या साली, असं होतं. सहीनंतर चार महिने मुदत असते. हा शोध आणि प्रमाणित प्रत हातात येणं मिळून 16 दिवस.

दस्त क्रमांक मिळाल्यावरच मूळ करार हरवल्याची जाहिरात देता आली, कारण तो नोटिशीत छापावा लागतो. हरकतींची मुदत 14 दिवस. जाहिरातीचे पैसे वर्तमानपत्राला गेले, त्यात आमचा एक रुपया नाही. नोटीस का, तर मूळ करार कुणाकडे ठेवून कर्ज उचलता येतं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात अशा गहाणाची सोय आहे, आणि जुना असा व्यवहार इंडेक्सला दिसेलच असं नाही. हरकत आली नाही म्हणून आज ते पैसे वाया गेले असं वाटतंय. घर नावावर झाल्यावर कुणी मूळ कागद घेऊन दारात उभा राहिला असता तर?

उरले 12 दिवस. ते आमचे, वकिलांच्या सहीसाठी अहवाल पडून होता. मान्य.

बँक कागद द्यायला उशीर करते तेव्हा रोजचे 5000 रुपये मिळतात, ते आम्ही लपवलं असंही तुम्ही लिहिलंय. रिझर्व्ह बँकेचा तो नियम 1 डिसेंबर 2023 पासून पुढे परत द्यायच्या कागदांना आहे. काकांचं कर्ज 2014 लाच फिटलं. करार बँकेत राहिला की घर रंगवताना रद्दीत गेला, हे त्यांनाही आठवत नाही.

आणि सर, राग नको, पण आमच्याकडे यायच्या आधीच तुम्ही विसार देऊन बसला होता. घाई तिथून आली. एजंटला "सल्लागार अडवतोय" असं तुम्ही सांगितलंत, ते काकांनीच मला ऐकवलं. वाईट वाटलं. त्याच अहवालावर, प्रमाणित प्रतीवर आणि काकांच्या हमीपत्रावर तुमच्या बँकेने कर्ज मंजूर केलं, त्याचा रिव्ह्यूत उल्लेख नाही.

यापुढे फाईल कुठे आहे ते ग्राहकाला वेळोवेळी कळवायची काहीतरी व्यवस्था करतोय. फी आधी लेखी द्यायचंही बघू.

जाहिरातीची मूळ पावती आणि कात्रण तुमच्या नावाच्या पाकिटात टेबलावर ठेवलंय. येऊन घेऊन जा, रविवार सोडून कधीही.