काका, तुम्ही मॅच होत नाही

आम्हा सातारकरांना अध्यात्माचा तोटा नाही. डोक्यावर सज्जनगड, तिकडे माणात गोंदवलं, शिवाय घरात सकाळी चहाच्या आधीच हिच्या मोबाईलवर कुणा ना कुणाचं प्रवचन फुल व्हॉल्यूमवर. पण खरं सांगू का, देह म्हणजे मी नव्हे हे इतकी वर्षं ऐकून डोक्यात शिरलं नव्हतं ते बँकेतल्या एका कोवळ्या पोराने एका वाक्यात शिकवलं. म्हणाला, "काका, तुम्ही मॅच होत नाही."

नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनरांचा हयातीचा दाखला द्यायचा महिना. 2014 पासून हे डिजिटल झालंय, जीवन प्रमाण म्हणतात, आधार नंबर टाका, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर टाका, मशीनवर बोट ठेवा, सर्व्हर म्हणाला हा तोच की तुम्ही वर्षभर जिवंत. ऐंशी पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबरपासूनच जिवंत राहायची सवलत आहे. नोव्हेंबरपर्यंत टिकतील याची सरकारला खात्री नसावी, असं लायनीतल्या एका आजोबांचं म्हणणं, आणि ते हे अगदी आनंदाने सांगत होते. तीस तारीख चुकली तर पेन्शन थांबते पण घाबरायचं कारण नाही, दाखला दिला की थकबाकीसकट पुन्हा जन्म. एवढा सोयीचा पुनर्जन्म आपल्या कुठल्या पोथीत नाही.

तर मी म्हटलं, "अरे बाळा, मी समोर उभा आहे की."

"तुम्ही आहात हो काका, पण सिस्टीमला तसं वाटत नाही."

मग मी पिशवीतून पासबुक काढलं, पॅन कार्ड काढलं, रिटायरमेंटच्या वेळचा हार घातलेला फोटो काढला (तो हिने उगाच पिशवीत टाकला होता). पोराने सगळं शांतपणे बाजूला सारलं. "हे सगळं तुमचं आहे काका. पण तुम्हीच ते आहात हे यातून कुठे कळतं?" बोला आता. यासाठी लोक हिमालयात जातात.

त्यात काय आहे, वय झालं की कातडी पातळ होते, कोरडी पडते, बोटांच्या रेषा झिजतात, आणि वर साताऱ्याची नोव्हेंबरची थंडी. हाताच्या रेषा दाखवून मी तरुणपणी ज्योतिषाला बरेच पैसे दिले होते, त्याने एवढं एक सोडून सगळं सांगितलं. लायनीत मात्र उपाय सांगणारे पंथ भरपूर. एक खोबरेलवाला, एक व्हॅसलीनवाला, एक म्हणे गरम चहाच्या कपावर अंगठा शेकायचा. आणि सगळ्यात मोठा पंथ म्हणजे केसांवरून बोट फिरवा, तेवढा तेलकटपणा पुरतो. आता माझ्या डोक्यावर ती सोय राहिलेली नाही हे बघून शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी स्वतःचं डोकं पुढे केलं. "घ्या, फिरवा." मी फिरवलं. नाही झालं मॅच, पण हा निरपेक्ष भाव मी कुठल्या सत्संगात बघितला नाही हो, तिथे तर चपला सुद्धा पिशवीत घालून मांडीखाली ठेवतात लोक.

खरा धडा मात्र माझ्या पुढे उभा होता. साहेब. रिटायर्ड गॅझेटेड ऑफिसर. कागदी दाखल्यावर गॅझेटेड अधिकाऱ्याची सही चालते, म्हणजे एकेकाळी हे साहेब सही करून माणसं जिवंत करत असणार आणि माणसं केबिनबाहेरच्या बाकावर ताटकळत असणार. आज मशीनवर साहेबांचा अंगठा लाल, तर्जनी लाल, डावा हात लाल. त्यांच्या शेजारच्या मशीनवर त्यांच्याच ऑफिसातला जुना शिपाई, त्याचं पहिल्या फटक्यात हिरवं. साहेब बघतच राहिले. शिपाई अदबीने जवळ गेला आणि म्हणाला, "साहेब, जरा हळू दाबा. मशीनला ऑर्डर चालत नाही."

साहेब हसले. मनापासून हसले, आणि खरंच हळू दाबलं, आणि झालं की हो मॅच.

माझं काही झालं नाही. शेवटी पोराने मोबाईल काढला, चेहऱ्यावरून करू म्हणाला. त्यातही आधी ऑपरेटरने स्वतःचा चेहरा दाखवायचा, तो पास झाला तर मग आमचा. "चष्मा काढा, सरळ बघा, डोळ्यांची उघडझाप करा." मागून ही, "हसू नका उगाच, घरी कधी हसत नाही, ओळखणार नाही तो." मी भाव नाहीसे करून उघडझाप केली आणि टुंग, आलं. प्रमाण आयडीचा मेसेज. हिने तो मोठ्याने वाचला, वर "चला, वर्षाचं मिटलं" म्हणाली, तिला नेमकं कशाचं बरं वाटलं ते मी विचारलं नाही.

माझ्यानंतर नवऱ्यामागच्या फॅमिली पेन्शनवाल्या एक आजी होत्या. पोरगं फॉर्म भरत भरत प्रश्न विचारत गेलं, नाव, खातं, आणि फॉर्ममध्ये असतो तोही प्रश्न, "आजी, पुन्हा लग्न केलंय का?"

आजींनी चष्म्यावरून त्याला नीट न्याहाळलं. "इतक्या वर्षांत विचारणारा तूच पहिला रे बाबा."

अख्खी लाईन हसली, पोरगं कानापर्यंत लाल झालं आणि त्या गडबडीत त्याचं बोट पडलं 'होय'वर. मग काय, आजींचं सगळं पहिल्यापासून. आजींनी खुर्ची ओढली, बसल्या, म्हणाल्या, "चालू दे सावकाश."