‘मॅप सगळे कंपनीचेच’ म्हणे!

बेळगावच्या जुन्या गेमर पोरांत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘काउंटर स्ट्राइक 1.6 चे मॅप सगळे कंपनीनं बनवले. कस्टम मॅप म्हणजे व्हायरस. आपल्या पोरांनी कॅफेत नुसता वेळ घालवला.’

मॅप म्हणजे गोळीबाराच्या या गेममधली लढायची जागा. अहो, मुळात गेमच कंपनीचा नव्हता की! मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी 1999 मध्ये हाफ-लाइफ या दुसऱ्या गेमवर रचलेला तो मॉड, म्हणजे हौशी बदल. हाफ-लाइफवाल्या व्हॉल्व कंपनीनं तो नंतर घेतला आणि 2000 मध्ये बाजारात आणला. ज्या डस्ट मॅपवर तुम्ही दिवस काढलेत, तो डेव्ह जॉन्स्टन या इंग्लंडमधल्या कोवळ्या पोरानं केलेला. आइसवर्ल्ड मॅप तर कंपनीनं गेमसोबत कधी दिलाच नाही, आणि टिळकवाडीत आमच्या कोल्ड्रिंकच्या पैजा लागायच्या त्याच चार ठोकळ्यांभोवती.

व्हायरस यायचा, खरंय. पण तो पेन ड्राइव्ह लावताच आपोआप चालणाऱ्या ऑटोरनमधून. बीएसपी, म्हणजे मॅपची फाइल, बिचारी भिंती आणि उजेडाचा हिशेब सांगते, एवढंच.

राहिला वेळ. मी आमच्या गल्लीचा मॅप करायला घेतला होता. हॅमर या मॅप करायच्या प्रोग्रॅममध्ये मॅप चहूबाजूंनी बंद लागतो, आकाशसुद्धा झाकणासारखं बसवायचं. कुठं बारीक फट राहिली की कंपाइल करताना, म्हणजे गेमला चालेल अशी फाइल बनवताना, ‘लीक’ची एरर. माझी फट निघाली विहिरीच्या कठड्यामागं, आठ दिवसांनी! मग कुठल्या कोपऱ्यातून काय दिसतं याचा हिशेब करायला पीसी रात्रभर चालू. कॅफेवाले अण्णा विचारायचे, ‘काय करालास रे एवढं?’

मॅपमधल्या चहाच्या टपरीची पाटी पेंटमध्ये काढली. गेमच्या नियमानं 256 रंग, लांबी-रुंदी 16 च्या पटीत. मी ती मराठीत लिहिली. शेजारच्या दोस्तानं त्याच्या कॉपीत कन्नड केली, मॅपच्या फाइलचं नाव मात्र तेच ठेवलं. कॅफेतल्या निम्म्या पीसीवर माझी, निम्म्यांवर त्याची. रविवारी सर्व्हर लावला तर निम्मी पोरं बाहेर: ‘तुमचा मॅप सर्व्हरच्या मॅपपेक्षा वेगळा आहे.’ बेळगावात हे आम्हाला गेमनं सांगायचं!

तासभर भांडलो. मग पाटीवरची अक्षरं पुसून नुसती कपबशी काढली आणि तीच फाइल सगळीकडं टाकली.