पोलंडचा इतिहास निकालात निघालेला नाही

‘पोलंडने आपल्या इतिहासाचा निवाडा एकदाच केला, पिल्सुडस्की वीर ठरले, यारुझेल्स्की देशद्रोही ठरले, साम्यवादी खुणा पुसल्या गेल्या आणि वाद संपला,’ अशा आशयाचा मजकूर सध्या अनेकजण पुढे पाठवत आहेत. त्यातले एकही विधान तपासणीत टिकत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर स्वतंत्र झालेल्या पोलंडचे लष्करी आणि राजकीय नेते युझेफ पिल्सुडस्की यांच्यापासून सुरुवात करू. 1918 चे स्वातंत्र्य आणि 1920 मध्ये वॉर्साच्या वेशीवर सोव्हिएत लाल सेनेचा झालेला पराभव यांमुळे त्यांना मिळणारा आदर खरा आहे आणि माझ्या मते रास्तही आहे. मात्र मे 1926 मध्ये याच माणसाने लोकनियुक्त सरकारवर सैन्य चालवून नेले. वॉर्सातील पोनियातोव्स्की पुलावर त्यांची गाठ राष्ट्राध्यक्ष वोयचेहोव्स्कींशी पडली. दोघे तरुणपणी समाजवादी चळवळीत एकत्र होते, तरीही वोयचेहोव्स्कींनी नमते घेण्यास ठाम नकार दिला. त्यानंतरच्या चकमकींत 379 माणसे मेली, त्यांपैकी 164 सामान्य नागरिक होते. पुढे 1930 मध्ये विरोधी नेत्यांना ब्रेस्तच्या किल्ल्यात डांबले गेले आणि 1934 मध्ये बेरेझा कार्तुस्का येथे खटल्याविना कैदेत ठेवण्याची छावणी उघडली गेली. त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, 1937 मध्ये, आर्चबिशप सापिएहा यांनी क्राकूवच्या वावेल कॅथेड्रलमधील त्यांची शवपेटी एका तळघरातून दुसऱ्या तळघरात हलवली, तेव्हा एवढा गदारोळ माजला की पंतप्रधानांनी राजीनामा देऊ केला. सर्वमान्यता त्या काळीही नव्हती. शिवाय त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी आणि ज्यूविरोधी राजकारणाचे पुढारी रोमान द्मोव्स्की यांचा पुतळाही 2006 पासून वॉर्सात उभा आहे, आणि त्यालाही विरोध झालेला आहे.

साम्यवादी राजवटीचे प्रमुख जनरल यारुझेल्स्की यांच्याबाबतचे विधान तर अधिकच उथळ आहे. 13 डिसेंबर 1981 ला त्यांनी लष्करी कायदा पुकारला. तीनच दिवसांनी वुयेक कोळसा खाणीतील गोळीबारात 9 कामगारांचा बळी गेला. यारुझेल्स्कींच्या घरासमोर दर वर्षी 13 डिसेंबरच्या रात्री निदर्शक जमत. दुसरीकडे, सोव्हिएत आक्रमण टळावे म्हणून हा कमी वाईट मार्ग होता, असे मानणारा मोठा वर्ग जनमत चाचण्यांतून सतत दिसत आला आहे. खटला उभा राहिला, पण आजारपणामुळे निकालापर्यंत पोहोचला नाही. मे 2014 मध्ये त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी दफनभूमीत शिट्ट्या आणि घोषणा घुमल्या. त्यांच्या राजवटीने ज्यांना नजरकैदेत ठेवले होते, ते ‘सॉलिडॅरिटी’ कामगार चळवळीचे नेते आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लेक वालेसा मात्र त्या दिवशीच्या प्रार्थनेला हजर होते. एवढ्या गुंतागुंतीला ‘देशद्रोही’ हा एक शब्द कसा पुरेल?

खुणा पुसण्याविषयी थोडक्यात सांगता येईल. 2016 च्या कायद्याने रस्त्यांची साम्यवादी नावे बदलण्यास सांगितले. वॉर्सातील ‘आर्मिया लुदोवा’ (दुसऱ्या महायुद्धातील साम्यवादी भूमिगत सेना) मार्गाला दिवंगत राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्कींचे नाव देण्यात आले, आणि न्यायालयीन लढाईनंतर जुने नाव परत आले.

वाद संपला असे म्हणणाऱ्यांनी स्वतः वालेसांकडेच पाहावे. 2000 मध्ये न्यायालयाने त्यांना गुप्त पोलिसांशी सहकार्य केल्याच्या संशयातून मुक्त केले. 2017 मध्ये साम्यवादी काळातील गुन्ह्यांचा आणि कागदपत्रांचा तपास करणाऱ्या सरकारी राष्ट्रीय स्मृती संस्थेने नेमलेल्या हस्ताक्षरतज्ज्ञांनी, गुप्त पोलिसांच्या ‘बोलेक’ या टोपणनावाच्या खबऱ्याच्या कागदांवरील अक्षर त्यांचेच असल्याचा निष्कर्ष काढला. वालेसांनी तो फेटाळला. ग्दान्स्कच्या विमानतळावर त्यांचे नाव 2004 पासून आहे, आणि ते आजही तसेच आहे.