‘एकच परीक्षा, पन्नास राज्यं, आयुष्यभर लायसन्स’ : फिजिओंच्या ग्रुपवरचा तो मेसेज खोटा आहे

भाचीची बीपीटीची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची, इंटर्नशिप चालू आहे. तिच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा एक मेसेज तिनं मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मावशी, एवढं सोपं असतं?’ नसतं. पण तोच मेसेज दोन दिवसांत आणखी तीन ठिकाणांहून आला, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मेसेज थोडक्यात असा आहे: अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट (तिकडे फिजिओथेरपिस्टला असं किंवा नुसतं ‘पीटी’ म्हणतात) व्हायला फक्त एनपीटीई ही एक लायसन्सची परीक्षा लागते. बीपीटीच्या मार्कशीट अपलोड करा, पुण्या-मुंबईतून परीक्षा द्या, पास होईपर्यंत कितीही वेळा बसा. मागच्या पेपरचे ‘ओरिजिनल’ प्रश्न आमच्या टेलिग्राम ग्रुपवर मिळतील. लायसन्स येईपर्यंत असिस्टंट म्हणून कमवा. ग्रीन कार्डाला लेबर सर्टिफिकेशन लागत नाही. आणि एकदा लायसन्स मिळालं की ते पन्नासही राज्यांत, आयुष्यभर चालतं.

‘मार्कशीट अपलोड करा, बस्स’

अमेरिकेत लायसन्स देश देत नाही, राज्य देतं. प्रत्येक राज्याचा स्वतःचा बोर्ड, स्वतःचे नियम. तुमची बीपीटी तिथल्या पदवीच्या तोडीची आहे का, हे ठरवायला बहुतेक राज्यं क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन, म्हणजे पदवीचं मूल्यमापन, मागतात. ते करणाऱ्या संस्थांमधलं सर्वांत परिचित नाव एफसीसीपीटी, पण कोणत्या संस्थेचा अहवाल चालेल हे राज्य सांगतं. म्हणून आधी राज्य ठरवायचं, मग फॉर्म भरायचा. उलट क्रमानं गेलेल्यांना दुसऱ्यांदा इव्हॅल्युएशनचे पैसे भरावे लागतात.

हे मूल्यमापन ‘कोर्सवर्क टूल’ नावाच्या तक्त्यावर होतं. पदवी कोणत्या वर्षी मिळाली त्यावर तक्त्याची कोणती आवृत्ती लावायची ते ठरतं, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वी गेलेल्या सीनिअरचा अनुभव आजच्या इंटर्नला जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्याकडची मुलं बारावीनंतर थेट बीपीटीला जातात. तिकडे आधी चार वर्षांची पदवी आणि मग डीपीटी, म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी. म्हणून आपल्या अहवालात कमतरता निघते ती बहुधा सामान्य शिक्षणात, म्हणजे समाजशास्त्रं, भाषा, मानव्यविद्या, गणित यांत. शिवाय डिफरन्शियल डायग्नोसिस, फार्मॅकॉलॉजी, इमेजिंग, त्वचा आणि जखमांची काळजी यांसारख्या विषयांतही. सामान्य शिक्षणाची भर काही जण क्लेपच्या (कॉलेजच्या विषयांचं क्रेडिट देणाऱ्या अमेरिकी) परीक्षा देऊन घालतात, व्यावसायिक विषयांची ट्रान्झिशनल डीपीटी (आधीच पदवी असलेल्या थेरपिस्टसाठीची डीपीटी) किंवा सुटे कोर्स करून. आपल्या राज्याला यातलं काय चालतं ते फी भरण्याआधी बोर्डाला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

कागदांत नेमकं कुठे अडतं तेही सांगते. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडून, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून, थेट मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडे जावं लागतं. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेली मार्कशीट त्याची जागा घेत नाही. सिलॅबस तुम्ही शिकलात त्या वर्षीचा, कॉलेजच्या सही-शिक्क्यासह हवा. इंटर्नशिपचे तास विभागवार लिहिलेले हवेत: ऑर्थो किती, न्यूरो किती, कार्डिओ-रेस्पिरेटरी किती. नुसतं ‘सहा महिने पूर्ण’ एवढ्यावर भागत नाही. ही विभागणी कॉलेजमधून बाहेर पडण्याआधीच लिहून घ्या. एचओडी बदलले की जुनी रजिस्टरं शोधायला कोणी बसत नाही.

आणि नाव. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. परीक्षेच्या नोंदणीतलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळलं नाही, तर प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर आत सोडत नाहीत. नावबदलाचा पुरावा पहिल्या अर्जासोबतच जोडा.

मेसेजमध्ये इंग्रजीच्या परीक्षेचा उल्लेखही नाही. टोफेलसारखी परीक्षा बहुतेक ठिकाणी लागतेच, आणि नुसता एकूण स्कोअर पुरत नाही, प्रत्येक विभागाची वेगळी किमान पातळी असते. आपल्या मुलांचं घोडं बहुतेक वेळा स्पीकिंगमध्ये अडतं.

‘पुण्या-मुंबईतून परीक्षा’

भारतात एनपीटीईचं केंद्र नाही. प्रोमेट्रिक मुंबईत आहे, पण ही परीक्षा तिथे होत नाही, त्यासाठी अमेरिकेत जावं लागतं. परीक्षा ठरलेल्या तारखांनाच होते, साधारण जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये. व्हिसा आणि विमानाचं तिकीट दोन्ही त्या तारखेभोवती बसवावं लागतं.

‘कितीही वेळा बसा’

हे साफ खोटं. एनपीटीई घेणाऱ्या एफएसबीपीटी या राज्यांच्या बोर्डांच्या महासंघाच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे: १२ महिन्यांत जास्तीत जास्त ३ वेळा, आणि आयुष्यात एकूण ६ वेळा. स्कोअर २०० ते ८०० च्या पट्टीवर देतात आणि पास व्हायला ६०० लागतात. ४०० किंवा त्याखालचा स्कोअर दोनदा आला, तर सहा प्रयत्न संपण्याआधीच दार बंद होतं. म्हणून ‘पहिल्यांदा नुसतं बघून येऊ’ हा सल्ला धोक्याचा आहे. पेपर पाच तासांचा असतो. घड्याळ लावून पूर्ण लांबीचे सराव पेपर सोडवल्याशिवाय तारीख घेऊ नका.

‘ओरिजिनल प्रश्न आमच्याकडे’

बाकीच्या थापांनी पैसे आणि वेळ जातो. ही थाप करिअर संपवते, म्हणून इथे थांबून बोलायला हवं.

ग्रुपवर ज्यांना ‘रिकॉल्स’ म्हणतात, ते परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून लिहिलेले प्रश्न. परीक्षेला बसणारा प्रत्येक जण प्रश्न कोणालाही सांगणार नाही आणि कोणाकडून घेणार नाही, अशी अट मान्य करूनच बसतो. नुसते वाचणाराही दोषी धरला जातो, हे आपल्या मुलांच्या गळी उतरत नाही. ‘मी कुठे विकले? मला फक्त पीडीएफ आली.’ ती पीडीएफ उघडून तिच्यावर अभ्यास केलात, तर तेही उल्लंघनच.

पकडतात कसे? एफएसबीपीटी उत्तरांचं सांख्यिकी विश्लेषण करते. फुटलेले प्रश्न भराभर आणि अचूक सुटले, आणि तेवढ्याच अवघड नव्या प्रश्नांत घसरगुंडी झाली, की ते आकड्यांत दिसतं. मग स्कोअर रद्द होऊ शकतो, पुढच्या परीक्षांना बंदी येऊ शकते आणि राज्यांच्या बोर्डांना कळवलं जातं. लायसन्सच्या अर्जात पुढे असे प्रश्न विचारले जातात आणि त्यांची उत्तरं शपथेवर द्यावी लागतात.

याचा फटका एकट्यादुकट्याला बसतो असंही नाही. जुलै २०१० मध्ये एफएसबीपीटीनं भारत, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि इजिप्त या चार देशांतल्या कॉलेजांमधून शिकलेल्या सगळ्यांचीच एनपीटीई थांबवली होती. कारण हेच: प्रश्न फोडून वाटण्याचे प्रकार. ज्यांनी आयुष्यात एकही रिकॉल पाहिला नव्हता, असे आपले किती तरी पदवीधर त्यात भरडले गेले. त्यांच्यासाठी वेगळी परीक्षा काढावी लागली. आज ठरावीक तारखांनाच परीक्षा होते, यामागेही प्रश्न फुटू नयेत हाच हेतू आहे. हे सगळं ठाऊक असताना कोणी मराठी मुलांच्या ग्रुपवर पुन्हा तोच माल विकत असेल, तर तो त्यांचं भलं करत नाही, त्यांच्या पुढच्या बॅचच्याही पायावर धोंडा घालतो.

सरावाला अधिकृत मार्ग आहे. एफएसबीपीटीच्या ‘पीट’ या सराव परीक्षेत वापरातून काढलेले खरे प्रश्न मिळतात. त्याचे पैसे पडतात, पण ते घेण्यात गैर काही नाही. टेलिग्रामच्या ग्रुपमधून मात्र आजच बाहेर पडा. पैसे भरले असतील, तर यूपीआयच्या नोंदी आणि स्क्रीनशॉट घेऊन १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

‘लायसन्स येईपर्यंत असिस्टंट’

फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट हा तिकडे स्वतंत्र, नियंत्रित व्यवसाय आहे. त्याचं वेगळं शिक्षण, वेगळी एनपीटीई. लायसन्स नसलेल्याला करता येतं ते एडचं किंवा टेकचं, म्हणजे मदतनिसाचं, काम: टेबल आवरणं, उपकरणं लावून ठेवणं, थेरपिस्टच्या नजरेखाली रुग्णाला मदत. असेसमेंट नाही, ट्रीटमेंट प्लॅन नाही, नावापुढे ‘पीटी’ नाही. एडनं दिलेल्या सेवेचं बिल मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा तिथला सरकारी आरोग्य विमा) देत नाही. काही राज्यांत परीक्षेआधी तात्पुरतं लायसन्स मिळतं, एवढंच त्यात तथ्य. पण परीक्षेसाठी टुरिस्ट व्हिसावर गेलेल्यानं क्लिनिकमध्ये काम करणं म्हणजे व्हिसाचा भंग.

‘लेबर सर्टिफिकेशन लागत नाही’

हे मान्य करावं लागेल. फिजिकल थेरपिस्ट आणि नर्स हे ‘शेड्यूल ए’मध्ये येतात, त्यामुळे ग्रीन कार्डाच्या वाटेवरची लेबर सर्टिफिकेशनची (त्या कामाला अमेरिकी माणूस मिळत नाही, हे सिद्ध करण्याची) पायरी वगळली जाते. पण भारतात जन्मलेल्यांची रांग त्यानं हलत नाही, आणि ती कित्येक वर्षांची आहे. शिवाय परदेशात शिकलेल्या थेरपिस्टला व्हिसासाठी वेगळं हेल्थकेअर वर्कर सर्टिफिकेट लागतं, ज्याची मुदत पाच वर्षं असते. मेसेजनं अर्धंच सांगितलं.

‘पन्नास राज्यं, आयुष्यभर’

‘आयुष्यभर’ हा शब्द कुठून आला, ते कळतं. न्यूयॉर्कमध्ये लायसन्स खरोखरच आजन्म असतं, रद्द झालं नाही तर. पण काम करायला रजिस्ट्रेशन चालू लागतं. ते दर तीन वर्षांनी होतं आणि त्यासाठी ३६ तासांचं कंटिन्यूइंग एज्युकेशन, म्हणजे नोकरी करताना चालू ठेवायचं शिक्षण, लागतं. नुसतं भिंतीवरचं लायसन्स दाखवून रुग्ण पाहता येत नाही.

इतरत्र तेवढाही आधार नाही, लायसन्सचंच ठरावीक मुदतीनं नूतनीकरण करावं लागतं आणि त्याला असंच शिक्षण लागतं. न्यू जर्सीत दोन वर्षांना ३० क्रेडिट, त्यातले ४ कायदा आणि व्यावसायिक नीतीचे. कॅलिफोर्नियात दोन वर्षांना ३० तास, त्यातले २ नीती-कायद्याचे आणि ४ लाइफ सपोर्टचे. फ्लोरिडात २४ तास, मेडिकल एरर्सचा २ तासांचा कोर्स धरून, आणि मुदत विषम वर्षाच्या ३० नोव्हेंबरला संपते. टेक्सासमध्ये ३० युनिट आणि शिवाय तिथल्या कायद्यावरचं मॉड्यूल, प्रत्येक नूतनीकरणाला. एकूण तास भरले पण नीतीचे दोन राहिले, तर नूतनीकरण अपुरंच.

पन्नास राज्यांची गोष्टही तशीच. एनपीटीईचा स्कोअर दुसऱ्या राज्यात पाठवता येतो, पण लायसन्ससाठी अर्ज नव्यानं करावा लागतो, आणि परदेशी पदवी ते राज्य पुन्हा तपासू शकतं. आजवर जिथे जिथे लायसन्स होतं, त्या प्रत्येक बोर्डाकडून पडताळणी मागवावी लागते, मुदत संपलेलं असलं तरी.

मेसेज लिहिणाऱ्याच्या कानावर बहुधा पीटी कॉम्पॅक्ट आलेलं असावं, म्हणजे एका राज्याच्या लायसन्सवर दुसऱ्या राज्यात काम करू देण्याचा राज्यांमधला करार. ती सोय खरी आहे, पण तिच्या अटी आहेत. तुम्ही राहता ते राज्य कॉम्पॅक्टमध्ये हवं आणि तुमचं लायसन्स तिथलं हवं. प्रत्येक नव्या राज्याची ‘प्रिव्हिलेज’, म्हणजे तिथे काम करायची परवानगी, वेगळे पैसे भरून घ्यावी लागते आणि काही राज्यं त्यांच्या कायद्याची परीक्षाही मागतात. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया कॉम्पॅक्टमध्ये नाहीत, म्हणजे आपले लोक जिथे दाटीनं राहतात त्यातली दोन मोठी राज्यं यातून बाहेर.

मूळ राज्यातलं लायसन्स संपलं, की त्यावर घेतलेल्या सगळ्या प्रिव्हिलेज त्याच दिवशी संपतात. त्यानंतर पाहिलेला प्रत्येक रुग्ण विनालायसन्स पाहिलेला ठरतो आणि त्याचं बिल परत करण्याची पाळी येते. हे बहुतेक वेळा घडतं ते घर बदलल्यावर बोर्डाला नवा पत्ता न कळवल्यानं, कारण नूतनीकरणाची सूचना जुन्या पत्त्यावर जाते. बोर्ड तुमचे कोर्स तपासतं त्या ऑडिटचं पत्रही तिथेच जातं. ऑडिटमध्ये प्रत्येक कोर्सचं प्रमाणपत्र मागतात आणि त्यावर तुमचं नाव, कोर्सचं नाव, तारीख, तास आणि कोर्स देणारी संस्था असावी लागते. भारतातल्या कॉन्फरन्सचं नुसतं ‘सहभाग’ प्रमाणपत्र तिथे धरलं जाईल, असं गृहीत धरू नका.